शिबिराला जे येत नाहीत, त्यांच्या हृदयाची तपासणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या आपल्या गावात गेल्या तीन वर्षांत पाच माणसे हृदयविकाराने गेली. त्यांतील दोघे नौकेवर काम करणारे होते, एक बाई वरच्या वाडीतील होती आणि पाचांपैकी कोणीही साठी गाठलेली नव्हती. मुंबईतील आपल्या ग्रामविकास मंडळाने यासाठी निधी जमवला असून गणपतीत, चाकरमानी गावी आलेले असताना, शाळेच्या सभागृहात एक दिवसाचे हृदयरोग तपासणी शिबिर घेण्याचा विचार आहे. त्यात ईसीजी, टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि कोलेस्टेरॉल ठेवावे का, किती लोकांची सोय करावी आणि गरीब घरांतील लोक अधिक संख्येने यावेत म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी फिजिशियन असून रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत बावीस वर्षे काम करते आहे. अशी शिबिरे मीही पुष्कळ घेतली आहेत, म्हणून आधीच स्पष्ट लिहिते: हा निधी एका दिवसावर खर्च करू नये. रक्तदाबाचे चांगले यंत्र, कंबर मोजायची फीत, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि मोजके नेमके प्रश्न एवढ्याने आपले तपासणीचे काम भागते, आणि ते काम शाळेत नव्हे तर जेट्टीवर, वाडीत आणि बागेत करावे लागते. उरलेला सगळा पैसा तपासणीनंतरच्या वर्षभरासाठी राखून ठेवावा. हे मी का म्हणते, ते सविस्तर सांगते.

शाळेच्या सभागृहात सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला कोण येते, हे डोळ्यांसमोर आणून पाहावे. निवृत्त गुरुजी येतात, पोस्टातून किंवा एसटीतून निवृत्त झालेले येतात, मुंबईहून आलेले चाकरमानी आपले जुने अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून येतात. त्यांतील बहुतेकांना स्वतःचा रक्तदाब तोंडपाठ असतो आणि गोळीही चालू असते. त्याच वेळी नौका चालवणारे तांडेल आणि त्यांच्या हाताखालचे खलाशी समुद्रात असतात किंवा पहाटे परतून झोपलेले असतात. मासळी विकणारी बाई पाटी घेऊन बाजाराला गेलेली असते. धनगरवाड्यावरच्या माणसाला उतरून यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावी लागते. आणि आंबाबागेतील नेपाळी राखणदाराला शिबिर आहे हेच कोणी सांगितलेले नसते. संध्याकाळी तपासलेल्यांचा आकडा निघतो, छायाचित्र काढले जाते आणि सर्वांना मनापासून समाधान वाटते. पण ज्यांना आधीच मिळत होते त्यांना थोडे अधिक मिळालेले असते, ज्यांना काही मिळत नव्हते ते तसेच राहिलेले असतात, आणि शिबिरापूर्वी होती त्याहून दरी थोडी रुंद झालेली असते.

मालवणकडे असताना मी बंदरालगतच्या एका शाळेत असे शिबिर घेतले होते. त्याच आठवड्यात शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणारा एक तांडेल जाळे ओढताना छातीत कळ येऊन गेला. त्याच्या बायकोचा रक्तदाब आम्ही शिबिरात मोजला होता आणि तो चांगला होता. मी भेटायला गेले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तेंका कोणी इचारल्यानच नाय." त्या दिवसापासून मी किती आले हे मोजणे सोडले आणि कोण आले नाही याची यादी करू लागले.

हृदयविकार हा सुखवस्तूंचा रोग आहे ही समजूत आपल्याकडे अजूनही घट्ट आहे, आणि निधी कोठे जावा हे तीच ठरवते. सतरा देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या 'प्युअर' या अभ्यासाने २०१४ मध्ये दाखवून दिले की जोखमीचे घटक श्रीमंत देशांत सर्वाधिक आणि गरीब देशांत सर्वांत कमी असले, तरी हृदयविकाराचे मृत्यू मात्र गरीब देशांतच अधिक होतात. याच अभ्यासातून २०१९ मध्ये असेही पुढे आले की गरीब देशांत कमी शिकलेल्या माणसांची जोखीम एकंदरीत शिकलेल्यांपेक्षा कमीच असते, तरीही हृदयविकाराने तीच अधिक मरतात. कारण उघड आहे. रोग वेळेत कळणे, गोळी मिळणे, ती चालू राहणे आणि झटका आल्यावर रुग्णालय गाठता येणे, या चारही ठिकाणी त्यांची वाट अडलेली असते.

वयाचीही गोष्ट लक्षात ठेवावी. 'इंटरहार्ट' या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, तर इतर भागांत हे वय जवळपास ५९ होते. इंग्लंडमध्ये २००९ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी आरोग्य तपासणीसाठी बोलावले जाते. आपल्याकडे ४०ची वाट पाहणे परवडणारे नाही, आणि आपल्या सरकारी कार्यक्रमातही तपासणी ३०व्या वर्षापासूनच धरलेली आहे. त्या इंग्लंडच्या अनुभवातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: बोलावणे पाठवून केंद्रात यायला सांगितले की पुरुष आणि कमी वयाची माणसे मागे राहतात. तिथेही म्हणूनच तपासणी बाजारात, प्रार्थनास्थळांत आणि कामाच्या जागी नेण्याचे प्रयत्न चालू असतात.

या बाबतीत मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे वेल्समधील खाणकामगारांच्या एका गावात दवाखाना चालवणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट. वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथे ती कमी मिळते, हा नियम त्यांनी १९७१ मध्ये मांडला. पण नियम मांडून ते थांबले नाहीत. आपल्या यादीतील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचा असे त्यांनी ठरवले, जे येत नव्हते त्यांच्या मागे ते लागले आणि पंचवीस वर्षे ते काम चालू ठेवले. शेजारच्या तशाच गावापेक्षा त्यांच्या गावात अकाली मृत्यू कमी झाले. त्यांच्याकडे रक्तदाबाचे साधे यंत्र आणि गावाची पूर्ण यादी एवढेच मुख्य भांडवल होते. आपल्या मंडळाकडेही प्रत्येक घराची माहिती आहे, कारण वर्गणी गोळा करताना एकही घर सुटत नाही. तीच यादी या कामाला लावावी.

आता जी माणसे सुटतात त्यांच्यापर्यंत कसे जावे, याविषयी.

नौकेवरील माणसांसाठी पंचांग वेगळे असते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणण्याचे व डागडुजीचे काम चालते आणि स्थानिक तांडेल व खलाशी गावातच सापडतात. पावसाळ्यात कोणी कार्यक्रम ठेवत नाही; या कामासाठी मात्र तेच दोन महिने सोन्यासारखे आहेत. जाळी विणत बसलेल्या माणसाला उठवायचे नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसायचे, पाच मिनिटे बोलू द्यायचे आणि मग दंडाला पट्टा बांधायचा. नेपाळ, कर्नाटक आणि उत्तर प्रदेशातून आलेले खलाशी बंदीच्या काळात घरी जातात, म्हणून त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये नौका पाण्यात उतरल्यानंतर लिलावाच्या वेळी जेट्टीवर जावे लागते. त्यांना हिंदीत लिहिलेले कार्ड द्यावे, म्हणजे ते गावी गेले तरी तिथल्या डॉक्टरला कळेल.

एक अट मात्र कटाक्षाने पाळावी: खलाशाचा रक्तदाब नौकामालकाला कळता कामा नये. 'ह्याला प्रेशर आहे' असे एकदा जेट्टीवर झाले की पुढच्या हंगामात त्या माणसाला कामावर घेत नाहीत, आणि हे एकदा घडलेले पाहिले की बाकीचे दंड पुढे करीत नाहीत. आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही, कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. परदेशातील एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. लॉस एंजेलिसमध्ये केस कापण्याच्या ५२ दुकानांतून ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास झाला. ज्या दुकानांत औषधतज्ज्ञ येऊन तिथेच गोळ्या सुरू करीत होते, तिथे सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. जिथे नाभिकाने नुसता डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला, तिथे ९ अंकांनीच. विश्वासाच्या माणसाची जागा आणि तिथल्या तिथे उपचार, ही दोन्ही एकत्र आल्याशिवाय फरक पडत नाही. आपल्या गावातील सलूनवाला सगळ्या खलाशांना नावाने ओळखतो. त्याला जरूर विचारावे.

समुद्रावर जाणाऱ्याला गोळी कोणती द्यायची याचाही विचार डॉक्टरने करावा. आठ-दहा दिवस पाण्यावर, उन्हात, पिण्याचे पाणी मोजून वापरणाऱ्या माणसाला लघवी वाढवणारी गोळी दिली तर तो ती बंदरावरच टाकून जातो, आणि त्याचे चुकत नाही. ॲम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी शरीरात बराच काळ टिकते, त्यामुळे एखादा डोस चुकला तरी रक्तदाब लगेच उसळत नाही. अशांसाठी सुरुवातीला तीच सोयीची पडते. तिने काहींच्या पायांना सूज येते, हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर सूज दिसताच गोळी बंद होते आणि ती बंद केल्याचे कोणी सांगतही नाही. गोळ्यांसाठी घट्ट झाकणाची, पाणी न शिरणारी लहान डबी द्यावी. खर्च किरकोळ आहे आणि उपयोग फार मोठा.

बायकांच्या तपासणीत मशेरीकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. आशाताई घरोघरी जो जोखमीचा तक्ता भरतात त्यात तंबाखूचा प्रश्न असतो, वय, कंबरेचा घेर, व्यायाम, दारू आणि घरातील पूर्वेतिहास यांनाही गुण असतात, आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला प्राधान्याने तपासायचे असते. प्रश्न चांगला आहे, पण तो कसा विचारला जातो यावर सगळे अवलंबून असते. एका बाईंना मी विचारले, "तंबाखू खाता का?" त्या म्हणाल्या, "नाय ओ डॉक्टरीणबाई, आमच्यात कोण तंबाखू खाईत नाय." त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक काळे होते आणि हिरड्यांच्या कडा काळवंडलेल्या होत्या. मी विचारले, "मशेरी किती वेळा लावता?" तेव्हा उत्तर आले, "ती होय, सकाळी आणि जेवल्यावर. ती नाय लावली तर पोट साफ होईत नाय." तक्त्यावर त्यांच्या नावापुढे तंबाखू 'नाही' असेच लिहिलेले होते.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीवाटे तिचे निकोटीन रक्तात जाते, नाडी व रक्तदाब चढतात. 'इंटरहार्ट' अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः धूररहित तंबाखूचाच आहे: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २४.४ टक्के प्रौढ ती वापरत होते आणि धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते. तेव्हा "तंबाखू, मशेरी, गुटखा, पान, विडी यांपैकी काय" असेच विचारावे आणि रागावू नये. मशेरी सोडायला सांगताना बद्धकोष्ठाचा उपायही सोबत द्यावा लागतो, कारण त्या बाईच्या लेखी ती पोटाचे औषध आहे. केवळ उपदेशाने मशेरी सुटलेली मी पाहिलेली नाही. पोटाची सोय लावून, दोन वेळची एक वेळ करीत करीत सुटलेली पुष्कळ पाहिली आहे.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईला आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे बाईवर, असे त्या आकड्याचे रोजच्या जगण्यातील रूप आहे. तिला चढणीवर दम लागला तर थकवा म्हणतात, छाती जड झाली तर पित्त म्हणतात, आणि ती स्वतःही तेच म्हणते. सांधे व कंबर दुखते म्हणून ती दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेते, आणि त्या गोळ्याही रक्तदाब वाढवतात. म्हणून बायकांना विचारण्याचा माझा प्रश्न ठरलेला आहे: "मागच्या वर्षी जी पाखाडी न थांबता चढत होता, ती यंदा चढता का?" छातीत दुखते का, या प्रश्नापेक्षा याने अधिक कळते.

जागेविषयी एक गोष्ट लिहिली पाहिजे, जरी ती लिहिताना मला संकोच वाटतो. देवळाच्या सभामंडपात तपासणी ठेवली की काही वाड्यांतील आणि मोहल्ल्यातील माणसे येत नाहीत, आणि ती का येत नाहीत हे गावात सर्वांना ठाऊक असते. त्या वाड्यांची नावे काढून, त्यांच्याच अंगणात, त्यांनी सांगितलेल्या वेळी जावे. बौद्धवाडी, धनगरवाडा, मोहल्ला आणि खारवीवाडा यांना एक-एक पूर्ण दिवस द्यावा, आणि सुरुवात सर्वांत लांबच्या वाडीपासून करावी. जवळच्यापासून सुरू केले की लांबच्या वाडीपर्यंत पोचेतो उत्साह, पट्ट्या आणि पैसे तिन्ही संपलेले असतात. वेळ संध्याकाळची ठेवावी. शेती करणाऱ्या वाड्यांत भातलावणीच्या दिवसांत जाऊच नये. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते तेव्हा सगळी माणसे घरी असतात, म्हणून तो आठवडा उत्तम. फक्त पालखीच्या दिवशी रक्तदाब मोजू नये, दुसऱ्या दिवशी मोजावा. राखणदार फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत बागेतच असतात, आणि बागमालक आपल्या मंडळात असतील तर त्यांनीच वाट दाखवावी.

रक्तदाब मोजणे सोपे वाटते, पण शिबिरांत तो बहुतेक वेळा चुकीचा मोजला जातो. पाखाडी चढून आलेल्या माणसाला लगेच खुर्चीत बसवून पट्टा बांधला की आकडा चढलेलाच येणार. त्याला पाच मिनिटे शांत बसवावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकलेले, दंड छातीच्या उंचीला टेकवलेला असावा. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, मशेरी नको. मोजताना त्याच्याशी बोलू नये आणि त्यालाही बोलू देऊ नये, हे आपल्याकडे सर्वांत अवघड जाते. पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधू नये. जाळे ओढून पिळदार झालेल्या दंडाला साधा पट्टा तोकडा पडतो आणि आकडा खोटाच जास्त दाखवतो, म्हणून मोठ्या मापाचे दोन पट्टे वेगळे विकत घ्यावेत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मगच निदान धरावे. १८०/११० च्या पुढे असल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. बोटातून घेतलेल्या थेंबात साखर १४० किंवा अधिक आली तर उपाशीपोटीची तपासणी करून खात्री करावी.

ईसीजी, टूडी एको आणि कोलेस्टेरॉल यांविषयी थोडक्यात लिहिते. ज्याला काही लक्षण नाही त्याचा ईसीजी चांगला आला म्हणून उद्या झटका येणार नाही असे मुळीच नाही, आणि तो कागद हातात घेऊन माणूस निर्धास्त होतो हे त्याहून वाईट. एकोचेही तेच. ज्या स्त्रीपुरुषांना दम लागतो, छातीत दडपते, पाय सुजतात, किंवा लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचा इतिहास आहे, त्यांची मात्र जरूर करावी, आणि ती जिल्हा रुग्णालयात नेऊन करावी. कोलेस्टेरॉलवाचूनही धोका मोजता येतो: वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब, उंची व वजन यांवरून दहा वर्षांतील धोका सांगणारे जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते दक्षिण आशियासाठी स्वतंत्र उपलब्ध आहेत. या तीन तपासण्यांवरील वाचलेला पैसा पुढच्या कामासाठी लागणार आहे.

पुढचे काम हेच खरे काम. डेन्मार्कमध्ये जवळपास साठ हजार लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत सर्वसाधारण लोकांना तपासणीला बोलावून व जीवनशैलीचा सल्ला देऊन दहा वर्षांनी पाहिले, तेव्हा हृदयविकारात काहीही घट झालेली नव्हती. याउलट बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील ग्रामीण भागात आशाताईंसारख्या कार्यकर्त्यांनी रक्तदाब असलेल्यांच्या घरी नियमित जाऊन मोजणी व समुपदेशन केले आणि डॉक्टरांना त्यात जोडून घेतले, तेव्हा दोन वर्षांत वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सुमारे ५ अंकांनी अधिक उतरला, असे २०२० मध्ये दिसून आले. आपल्यासारख्याच घरांतील, आपल्यासारखेच खाणारी ही माणसे आहेत.

आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा पहिला टप्पा राबवला गेला. ठरलेल्या क्रमाने मोजकीच औषधे, त्यांचा अखंड पुरवठा, डॉक्टरबरोबर परिचारिकेचाही सहभाग, रुग्णाला घराजवळ गोळी आणि प्रत्येकाची नोंद, या पाच गोष्टींवर तो उभा आहे. मंडळाने यात समांतर दवाखाना उघडू नये. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवावे, गोळ्या त्यांच्याच मार्फत आणि त्यांच्याच लिहिण्याने सुरू व्हाव्यात, आणि जे त्यांना मनुष्यबळाअभावी जमत नाही तेवढे मंडळाने करावे. समुद्रावर जाणाऱ्यांना एका वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावे. केंद्रात गोळ्या संपल्या तर त्या आठवड्यात त्या विकत घेण्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. एक महिना हात हलवत परतलेला माणूस पुन्हा येत नाही, हे मी फार वेळा पाहिले आहे.

निधीचा मोठा भाग एका माणसावर खर्च करावा. गावातीलच, सर्व वाड्यांत जाऊ शकणारी, बारावी झालेली एखादी मुलगी किंवा सूनबाई वर्षभर मानधनावर घ्यावी. तिच्या वहीत रक्तदाब व साखर असलेल्या प्रत्येकाचे नाव असावे, दर महिन्याला तिने घरी जाऊन मोजावे, गोळ्या उरल्यात की संपल्यात हे डबी उघडून पाहावे आणि जो सापडला नाही त्याच्याकडे पुन्हा जावे. ती वही तिच्याकडे आणि डॉक्टरकडेच राहील, मंडळाच्या कार्यालयात नाही. स्वयंपाकघरातही ती जाऊ शकते, आणि मिठाविषयी बोलायचे तर तिथेच बोलावे लागते. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण ग्रॅमची भाषा चुलीपाशी चालत नाही. सोलकढी आगळाऐवजी, म्हणजे मिठात टिकवलेल्या कोकमरसाऐवजी, आमसुले भिजवून करावी, कारण आगळात भरपूर मीठ असते. पावसाळ्याच्या बेगमीला मिठात मुरवलेल्या खाऱ्या बांगड्यापेक्षा उन्हात नुसते वाळवलेले बोंबील अधिक ठेवावेत. खारातला आंबा जेवताना रोज न घेता कधीतरी घ्यावा. एवढे सांगितले तर कोणी सुके मासे सोडा असे म्हटल्यासारखे वाटत नाही आणि ऐकले जाते.

छातीत कळ आल्यावर काय करायचे, हेही याच वर्षात प्रत्येक घरी सांगून व्हावे. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, बाईला नुसता अचानक दम आणि गळून जाणे, यांपैकी काही झाले तर ओवा-सोडा देत बसू नये, १०८ ला फोन करावा आणि जिथे ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते अशा जवळच्या रुग्णालयात न्यावे. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यायला सांगावी. सरळ कोल्हापूर किंवा मुंबई गाठण्याच्या नादात घाटातच वेळ जातो. गुठळी विरघळवण्याचा पहिला उपचार पहिल्या काही तासांतच खरा उपयोगी असतो, पुढचे रुग्णालय त्यानंतरही गाठता येते. आपल्या गावाहून असे जवळचे रुग्णालय कोणते, रात्री तिथे डॉक्टर असतो का, हे आजच जाऊन विचारावे आणि त्याचा फोन क्रमांक प्रत्येक नौकेच्या केबिनमध्ये चिकटवावा.

गणपतीत चाकरमानी येतील तेव्हा त्यांचीही तपासणी करावी, पण तिचा उद्देश वेगळा ठेवावा. मुंबईत सुरू केलेली गोळी गावी आल्यावर पंधरा दिवस बंद राहते आणि गावी कायमचे आल्यावर तर सुटूनच जाते. त्यांची कागदपत्रे पाहून तीच गोळी गावच्या केंद्रात मिळेल अशी व्यवस्था करून द्यावी.

कामाला मेच्या मध्यापासून सुरुवात करावी, म्हणजे १ जूनला नौका वर येतील तेव्हा वाडीवार यादी आणि पट्टे तयार असतील. वर्ष झाल्यावर किती जणांची तपासणी झाली हे मला कळवू नये. यादीतील तिशीवरील किती जणांचा रक्तदाब एकदाही मोजला गेला नाही, ज्यांना गोळी लागू झाली त्यांतील किती जणांचा आता १४०/९० च्या खाली आहे, आणि हे दोन्ही आकडे धनगरवाड्यात, मोहल्ल्यात, बौद्धवाडीत व खारवीवाड्यात वेगवेगळे किती आहेत, एवढे लिहावे. त्यावरून दुसऱ्या वर्षी कोणत्या वाडीपासून सुरुवात करायची ते मी सांगेन, आणि शक्य झाले तर त्या दिवशी स्वतः येईन.